पाणी लागलेले घड्याळ

गेली दोन वर्षे आमच्या डाव्या मनगटावर जे घड्याळ आहे ते पाणबुड्यांसाठी केलेले आहे. समुद्राच्या २०० मीटर खोलीइतका दाब पडला तरी त्यात पाणी शिरत नाही, असे ते करणाराचे सांगणे आहे. ते घालणारे आम्ही मात्र गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत कमरेपेक्षा अधिक पाण्यात उतरलेलो नाही. वसईच्या पाचूबंदर कोळीवाड्यात जन्मलेल्या माणसाने अशी कबुली देणे शोभत नाही. पण ती दिल्याखेरीज पुढचे काही सांगता यायचे नाही.

रविवारी मिस्सा सुटल्यावर देवळाच्या आवारात ओळखीची मंडळी आमचा हात धरून घड्याळ पाहतात. "हे घालून खाली तळाशी जाता की काय?" असा एक प्रश्न येतो. नाही म्हटले की दुसरा ठरलेला, "मग घेतले कशाला?" या दुसऱ्या प्रश्नाला आम्ही आजवर निरनिराळी उत्तरे दिली आहेत. जुन्या घड्याळाचे काटे चष्मा लावूनही दिसेनासे झाले होते, याचे ठळक आहेत. या वयात रात्री दोनदा उठावे लागते, याचे काटे अंधारात दिसतात. सेल बदलण्याची कटकट नाही. ही सगळी उत्तरे खरी आहेत, आणि खरे उत्तर त्यांत नाही.

घरी हाच प्रश्न अधिक रोखठोक स्वरूपात विचारला गेला. सहाशे युरोंच्या घरातली किंमत, म्हणजे आपल्याकडचे पन्नास हजारांच्या वर. फ्रान्समध्ये ल्यों शहरी नोकरीस असलेल्या आमच्या पुतणीच्या नवऱ्याने आम्हाला समजावले होते, की या जातीच्या नामांकित स्विस घड्याळांना लाखांनी रुपये मोजावे लागतात, त्या मानाने हे परवडणारे. "परवडणारे" हा त्याचा शब्द आम्ही जसाच्या तसा घरात आणला, ही आमची चूक झाली. "परवडते कोणाला, ते विचारा," सौ. म्हणाल्या. "तेवढ्यात पडवीवर नवे पत्रे बसले असते." बँकेतल्या चाकरीनंतर साठलेली पुंजी आमचीच होती, त्यामुळे अडवले कोणी नाही. पण त्यानंतरच्या पावसाळ्यात पडवी गळू लागली तेव्हा सौ. काही बोलल्या नाहीत. त्यांनी बादली आणून आमच्या खुर्चीशेजारी ठेवली. पत्रे आता बसले आहेत, हे त्यांच्या समाधानासाठी येथे नमूद करतो.

या घड्याळांचा वंश फार जुना नाही. हवेची टाकी पाठीवर बांधून माणूस मोकळेपणाने पाण्याखाली फिरू लागला, आणि त्याच्यापुढे एक नवाच प्रश्न उभा राहिला. टाकीतली हवा मोजकी. जितके खोल जावे तितकी ती लवकर संपते. शिवाय दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला अवधी लागतो, म्हणून वर येताना घाई करून चालत नाही. खाली सूर्य नाही, घंटा नाही, आणि एखादी सुंदर गोष्ट पाहत राहिले म्हणजे पाच मिनिटांची वीस कधी होतात ते कळत नाही. तेव्हा पाणबुड्याला खरे पाहिजे असते ते किती वाजले हे नव्हे. किती वेळ गेला आणि किती उरला, हे. १९५३ साली फ्रान्सच्या नौदलातल्या पाणबुड्यांना असे घड्याळ हवे होते, आणि ब्लांपां या स्विस घराण्याने ते करून दिले. घराण्याचे त्या वेळचे प्रमुख झां-झाक फिश्तेर स्वतः हौशी पाणबुडे होते. त्या घड्याळाचे नाव 'फिफ्टी फॅदम्स'. फॅदम म्हणजे आपल्या कोळ्यांचा वाव, दोन्ही हात पसरले की होते ते अंतर. पन्नास वाव म्हणजे सुमारे ९१ मीटर. रोलेक्सचे प्रसिद्ध 'सबमरिनर' हेही त्याच वर्षीचे. आज बहुतेक पाणबुडे मनगटावर एक लहानसे संगणकयंत्र बांधतात आणि हिशेब त्यालाच करू देतात. घड्याळ आता हौसेचे उरले आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

हौस म्हटली की मोठ्या नावांची किंमत वाढत जाते आणि साध्या माणसाचा हात तेथवर पोहोचत नाही. ही फट हेरून गेल्या दहा-पंधरा वर्षांत ठिकठिकाणी लहान लहान घड्याळकार उभे राहिले. चार-दोन माणसांचा संसार. स्वतःचा कारखाना नाही, दुकान नाही. आराखडा आपला करायचा, कवच एकाकडून घ्यायचे, मशीन दुसऱ्याकडून, जोडणी तिसऱ्याकडून, आणि माल थेट गिऱ्हाइकाला विकायचा. आमच्या घड्याळाचे घराणे अशांपैकीच एक. त्याचे नाव बाल्टिक. एतियेन मालेक नावाच्या फ्रेंच तरुणाने ते उभे केले. त्याच्या वडिलांना घड्याळांचा नाद होता. वडील निवर्तले, आणि मागे त्यांनी जमवलेली घड्याळे व त्या घड्याळांच्या नोंदींची एक वही मुलाच्या हाती आली. वडील मूळचे पोलंडमधले, बाल्टिक समुद्राकडच्या भागातले. म्हणून घराण्याला त्या समुद्राचे नाव. २०१७ साली लोकांकडून आगाऊ रक्कम घेऊन पहिली घड्याळे झाली, आणि त्यानंतर थोड्याच अवधीत पाणबुड्यांचे घड्याळ आले. 'अ‍ॅक्वास्कॅफ' असे त्याचे बारसे झाले आहे. आम्ही त्याला घरात 'पाणबुडे' म्हणतो. तबकडी काळी, व्यास ३९ मिलिमीटर, काच नीलमण्याची म्हणजे स्फटिकरूप केलेल्या अ‍ॅल्युमिनाची, वर किंचित फुगीर, जुन्या घड्याळांना असे तशी. जोडणी बेझांसों या गावी होते. फ्रान्सच्या घड्याळधंद्याचे हे माहेर. १९७३ साली येथल्याच लिप कारखान्यातील कामगारांनी, बेकारी दारात दिसताच, कारखाना ताब्यात घेऊन स्वतः घड्याळे केली व स्वतःच विकली होती. चाकरीच्या काळात आम्हीही युनियनमध्ये होतो, म्हणून ही हकिकत आम्हाला घड्याळाहून अधिक आवडली.

आत मात्र फ्रान्स नाही. आत मियोता ९०३९ हे जपानी मशीन आहे. हात हलला की आतले अर्धचक्र फिरते आणि कमान आपोआप भरली जाते. काढून ठेवले तर बेचाळीस तास चालते. रात्री शांत असताना हात झटकला की ते चक्र गरगरल्याचा बारीक आवाज येतो. जावईबापू म्हणाले की काहींना तो खपत नाही. आम्हाला त्याची सोबत वाटते. दिवसाला ते सहा-सात सेकंद पुढे जाते. पण ज्या गोष्टीने आम्ही चमकलो ती वेगळी. मियोता ही सिटिझन समूहातली. आणि आपल्या हिंदुस्थान मशीन टूल्सने १९६१ साली बंगळूरला मनगटी घड्याळांचा कारखाना उभारला तो याच सिटिझनच्या सहकार्याने. म्हणजे आमच्या मनगटावरचे हे फ्रेंच पाणबुडे आणि आमच्या कपाटातली एचएमटी 'जनता' ही दूरच्या नात्याने भावकीच ठरतात.

त्या 'जनता'ची हकिकत सांगण्यासाठीच खरे तर लेखणी हाती घेतली आहे.

आमचे वडील डोलीवर जात. डोल म्हणजे लांबलचक पिशवीसारखे जाळे. ते पाण्यात एका जागी बांधलेले असते आणि त्याच्या तोंडातून प्रवाह वाहतो. प्रवाहाबरोबर बोंबील, जवळा, करंदी आत येते. प्रवाह थांबून उलटायच्या आत जाळे ओढून घेतले पाहिजे. उलटला, तर आलेले गेले. डोलकराला म्हणूनच माशांआधी पाण्याची वेळ ओळखावी लागते. वडिलांकडे घड्याळ नव्हते तेव्हाही ती त्यांना अचूक ठाऊक असे. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे भरती पुरी होण्याची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. रोज दोन घटका भरती पुढे सरकते. पुनवेला आणि अवसेला उधाण, त्या वेळी पाण्याला ओढ आणि डोलीला मासळी. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा होड्या किनाऱ्याला आणि जाळी दुरुस्तीला. गावातला दिवस देवळाच्या तीन घंटांनी मोजला जाई आणि समुद्रावरचा चंद्राने. घड्याळाची कोणाला गरज नव्हती. तरीही वडिलांना घड्याळ हवे होते.

ते त्यांना १९६९ साली मिळाले. एका हंगामाचे सुके बोंबील विकून पैसे बाजूला काढले होते. पण त्या काळी पैसे असले म्हणजे एचएमटी मिळेच असे नव्हते. मुंबईला गिरणीत असलेल्या आमच्या मामांनी ओळख काढली, तेव्हा कोठे 'जनता' घरात आली. पांढरी तबकडी, सतरा खडे, रोज चावी द्यायची. वडील ती दर्यावर कधीच नेत नसत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, मऊ फडक्यात ती असे. रविवारी मिस्सेला, लग्नाला, मयताला ती बाहेर येई. शनिवारी रात्री दिव्याशी बसून ते चावी देत, आणि आम्हा भावंडांना एकेकाच्या कानाशी लावून ऐकवत. तो टिकटिकाट ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसे ते आम्ही पुढे बँकेत मोठमोठ्या ठेवी ठेवणारांच्या चेहऱ्यावरही पाहिले नाही.

१९७० च्या मे महिन्यात आम्ही पंधरा वर्षांचे होतो. किल्ल्याच्या समुद्राकडील दरवाजाजवळ भरतीच्या पाण्यात आम्ही मुले डुंबत असू. पाण्याखाली दम कोण जास्त धरतो याच्या पैजा लागत. मोजणारा मित्र असला की एक-दोन-तीन भराभर म्हणे आणि वैरी असला की प्रत्येक आकड्यावर खोकला काढी, रोज भांडणे. एके दिवशी, वडील डोलीवर गेलेले असताना, आम्ही डबा उघडला आणि न्यायाधीश म्हणून 'जनता' घेऊन गेलो. तासभर आम्ही काठावर उभे राहून सर्वांचा वेळ मोजला. मग आमची पाळी आली. घड्याळ कोणाच्या हाती द्यावे? द्यावेसे कोणी वाटेना. आमच्या मनगटावर ते जितके सुरक्षित तितके दुसरीकडे कोठे असणार, असा विचार केला. पंधराव्या वर्षी विचार असाच होतो. शिवाय, खोटे कशाला बोलावे, पाण्याखाली ते कसे दिसते हेही पाहायचे होते.

ते फार सुंदर दिसले. हिरवट पाण्यात ती पांढरी तबकडी चंद्रासारखी मोठी झाली होती आणि सेकंदकाटा तिच्यावरून सरसर जात होता. आम्ही त्याच्याकडे पाहत राहिलो. वर आलो तेव्हा बावन्न सेकंद झाली होती. पैज जिंकली. ओरडाआरडा झाला. घरच्या वाटेला लागलो तेव्हा काचेच्या आतून धुके धरू लागले होते.

चुलीच्या वैलावर फडके टाकून आम्ही घड्याळ वाळवले. धुके गेले. डब्यात पूर्वीसारखे ठेवून दिले. शनिवारी वडिलांनी चावी दिली आणि ते चालू झाले, आम्ही सुटलो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शेजारचे एक म्हातारे गृहस्थ वारले. कबरस्तानात पावसाने सर्वांना झोडपून काढले, आणि वडिलांच्या हाती घड्याळ होते. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच ते बंद पडले. वडील ते घेऊन वसई गावातल्या घड्याळजीकडे गेले आणि तसेच परत घेऊन आले. आईने विचारले तेव्हा म्हणाले, "पावसाचे पाणी शिरले. मयताला घालून गेलो, माझेच चुकले." आम्ही त्या वेळी ओट्यावर जाळ्याची गाठ मारीत बसलो होतो. त्यांनी आमच्याकडे पाहिले की नाही हे आम्हाला सांगता येत नाही, कारण आम्ही मान वर केली नाही.

त्या शनिवारी आम्ही पापनिवेदनाला गेलो आणि फादरना सर्व सांगितले. त्यांनी प्रार्थना सांगितल्या आणि म्हणाले, "हे तुझ्या वडिलांनाही सांग." प्रार्थना आम्ही त्याच संध्याकाळी म्हटल्या. दुसरे काम पुढच्या रविवारावर टाकले. मग बोर्डाच्या परीक्षेनंतर, मग नोकरी लागली की पहिल्या पगारात नवे घड्याळ आणून एकदमच सांगू असे ठरवले. नोकरी लागली, पहिला पगार धाकट्या बहिणीच्या लग्नात गेला. दुसरे घड्याळ वडिलांनी कधी मागितले नाही. बंद पडलेली 'जनता'च ते रविवारी घालीत. कोणी वेळ विचारली तर मनगट वळवून पाहत, मग आभाळाकडे पाहत, आणि सांगत. ती पाच मिनिटांच्या आत बरोबर असे. १९९४ साली ते गेले. सांगायचे राहूनच गेले.

डबा आमच्याकडे आला आणि कपाटात पडून राहिला. २०१८ साली घर आवरताना तो सापडला. एचएमटीचे घड्याळ कारखाने गुंडाळण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला होता. जुन्या घड्याळांतून सुटे भाग काढून दुरुस्त्या करणारे मात्र आहेत. अशाच एका कारागिराकडे आम्ही ती नेली. त्याने मागचे झाकण चाकूने उचकले आणि डोळ्याला भिंग लावले. मग काही न बोलता भिंग आमच्या हाती दिले. आत तांबूस भुग्याचा एक थर होता आणि त्यात चाके रुतून बसली होती. कोपऱ्यात पांढरे कण चमकत होते. "पावसाचे पाणी गेले होते," आम्ही म्हणालो. अठ्ठेचाळीस वर्षांनंतरही तोंडातून हेच निघाले. तो हसला. "साहेब, हे पावसाचे काम नाही. हे खारे पाणी. हे बघा मीठ. पावसाच्या पाण्याने अशी चाळण होत नाही." आणि झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेला एक बारीक आकडा दाखवून म्हणाला, "आधी एकाने उघडले होते. त्यालाही हे कळलेच असणार."

आम्ही दुकानाबाहेर आलो. जवळच रसाचे दुकान होते, तेथे बाकावर बसलो. रस मागवला की नाही आठवत नाही. वडिलांनी ती 'जनता' एकदाही दर्यावर नेली नव्हती. ज्या माणसाचा जन्म मिठाच्या पाण्यात गेला, त्याला घड्याळजीने खारे पाणी म्हणून सांगितल्यावर आणखी काही सांगण्याची गरज उरली नसणार. घरात मुलगे तीन. त्यांत मोठे आम्ही. आणि तरीही "माझेच चुकले" हे शब्द त्यांनी घरात पाऊल टाकताक्षणी, आम्ही ओट्यावर असताना, ऐकू जाईल इतक्या आवाजात उच्चारले होते.

यानंतर चार वर्षांनी पुतणी आणि जावईबापू सुटीवर वसईला आले. त्यांना पाण्याखाली पोहण्याचा छंद. त्यांच्या मनगटावर आम्ही हे घड्याळ प्रथम पाहिले. आम्ही सहज विचारले, आणि त्यांनी जेवण होईपर्यंत माहिती दिली. पाणी आत कसे येत नाही? मागचे झाकण दाबून बसवलेले नसते, आट्यांवर फिरवून आवळलेले असते. चावीलाही आटे असतात आणि ती आत पिळून बंद करायची. प्रत्येक सांध्यात रबराचे वॉशर. दर १० मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाचा दाब वाढतो, तो सोसेल इतके कवच जाड. वॉशर काही वर्षांनी सुकतात, ते बदलून दाबाची परीक्षा करून घ्यावी लागते. तेवढे केले नाही तर दोनशे मीटरचे घड्याळ बादलीतही बुडते. आम्ही हे सर्व ऐकत होतो आणि आमच्या डोळ्यांपुढे 'जनता'चे ते दाबून बसवलेले पातळ झाकण होते. बिचारीला कोणी पाण्यासाठी केलेच नव्हते.

मग त्यांनी तबकडीभोवतीचे कडे दाखवले. त्यावर साठ मिनिटांच्या खुणा असतात, आणि एका ठिकाणी उजळणारा ठिपका. पाण्यात शिरताना तो ठिपका मिनिटकाट्यासमोर आणून ठेवायचा. पुढे काटा कड्यावरच्या ज्या आकड्यासमोर येईल तितकी मिनिटे गेली. जावईबापूंनी कडे कट्कट् आवाज करीत फिरवले आणि म्हणाले, "काका, उलटे फिरवून पाहा." आम्ही जोर केला, ते हलेना. "हे एकाच बाजूला फिरते. खडकाला घासून, दोरीत अडकून ते चुकून फिरलेच, तर गेलेला वेळ आहे त्यापेक्षा जास्त दाखवेल. कमी कधीच दाखवणार नाही. माणूस फसला तरी लवकर वर येईल एवढेच."

आम्ही ते कडे कितीतरी वेळ हातात धरून बसलो. आमच्या मनाचे कडे चोवीस वर्षे नेमके उलट्या बाजूने फिरत होते. प्रत्येक धक्क्याला ते मागे सरके आणि आम्हाला दाखवी की अजून पुष्कळ वेळ आहे; परीक्षा होऊ दे, पगार होऊ दे, पावसाळा सरू दे. वडील वर्षातून दोनदा आजारी पडू लागले तेव्हाही ते मागेच सरकले. तुमच्यापैकी कोणाचे असे होत असेल तर आम्ही काय बोलतो आहोत ते समजेल. इतरांना समजावण्याचा आमचा आग्रह नाही.

त्याच रात्री आम्ही पुतणीला घड्याळ आणायला सांगितले, आणि पुढल्या नाताळात, २०२३ साली, ते आले. आता मिस्सेनंतरच्या त्या प्रश्नाचे खरे उत्तर वाचकांना कळले असेल. देवळाच्या आवारात मनगट धरलेल्या माणसाला एवढे सगळे सांगता येत नाही, म्हणून आम्ही चष्म्याचे कारण सांगतो.

घड्याळाचा आम्ही करतो तो उपयोग त्याच्या कर्त्याला ठाऊक झाला तर तो काय म्हणेल, कोण जाणे. भात शिजायला ठेवला की सौ. हाक मारतात आणि आम्ही कडे फिरवतो. रक्तदाबाच्या गोळीनंतर अर्धा तास काही खायचे नाही, तेथेही कडे. अंधारात काटे हिरवट उजळतात. आमच्या पिढीचे लोक त्याला अजून रेडियमच म्हणतात. ते रेडियम नव्हे, उजेड पिऊन ठेवणारा एक निरुपद्रवी रंग आहे, पण पहाटेपर्यंत पुरतो. कधी तिथीची पाऊणपट करून भरतीच्या वेळेला आम्ही पाचूबंदरावर जातो आणि पाणी उलटायची वाट पाहत बसतो. कडे लावलेले असते. वडिलांचा हिशेब पुष्कळदा पंधरा-वीस मिनिटांच्या आत बरोबर येतो. 'जनता' दुरुस्त झाली नाही. कारागिराने दुसऱ्या घड्याळाचे मशीन घालून देतो म्हटले, आम्ही नको म्हणालो.

यंदाच्या मे महिन्यात आमचा नातू पोहण्याच्या वर्गाला जाऊ लागला. बारा वर्षांचा आहे. पहिल्याच आठवड्यात समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आजोबा, घड्याळ घालून जाऊ? एकच दिवस." सौ. आतून म्हणाल्या, "पन्नास हजारांचे आहे ते!" आम्ही ते काढले, चावी नीट पिळली आहे ना ते दोनदा पाहिले, आणि त्याच्या मनगटावर पट्ट्याच्या शेवटच्या भोकात बसवले. तरी ते सैलच झाले.

तो गेला आणि आम्ही पडवीत बसलो. दोन तास काही वाचन झाले नाही. संध्याकाळी फाटक वाजले. चपलाही न काढता तो सरळ आमच्याकडे आला, केसांतून पाणी गळत होते. हात पुढे करून म्हणाला, "आजोबा, माझ्याकडून टाकीच्या कडेला घासले. इथे. मोठा चरा गेला."

चरा खरोखरच होता, पट्टा जेथे अडकतो त्या टोकावर, नखाएवढा. आम्ही घड्याळ उजेडात धरले, चष्मा कपाळावर चढवला आणि काचेच्या आत कडेकडेने पाहिले. नंतर नळाखाली धरून गोड्या पाण्याने धुतले आणि पंच्याच्या टोकाने पुसले. नातू बाजूला उभा होता.

"आत पाणी गेले का?" त्याने विचारले.

"नाही," आम्ही म्हणालो.